स्वतःचा धंदा, स्वतःचा वेळ आणि घर: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या व्यवसायांचे हिशेब सांभाळताना आकडेमोडीपेक्षा हेच प्रश्न जास्त येतात. विचारणारे सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले असतात, कॉलेज रोडच्या ऑफिसांतले असतात, आणि घरून काही सुरू करू पाहणाऱ्या महिलाही त्यांत पुष्कळ. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कर आणि नोंदणीचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

१. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं की घरच्यांना खरंच जास्त वेळ देता येतो का?

सुरुवातीला नाही. पहिलं वर्ष-दीड वर्ष बहुतेकांचा घरातला वेळ कमीच होतो. माल आणणं, कोटेशन देणं, बिल करणं, वसुलीला फोन करणं, ही कंपनीत चार जणांत वाटलेली कामं आता एकट्यावर येतात. मिळतं ते एवढंच, की कामाचे तास हलवता येतात. दुपारी तीनला मुलाच्या शाळेतल्या सभेला जाऊन तेच काम रात्री दहाला करता येतं. ज्यांना याची किंमत कळते त्यांच्यासाठी ही मोकळीक मोठी आहे.

म्हणून राजीनाम्याआधी एक वाक्य कागदावर लिहा: मला नेमका कोणता वेळ परत हवा आहे? ‘फॅमिलीला वेळ द्यायचाय’ हे उत्तर फार ढोबळ झालं. ‘रात्रपाळी सुटली पाहिजे’, ‘संध्याकाळी सात ते नऊ मुलीच्या अभ्यासाला बसायचंय’, ‘वडिलांना डायलिसिसला मीच नेणार’ असं काहीतरी हवं. हे वाक्य नसेल तर पुढचे प्रश्न वाचूनही फारसा उपयोग नाही.

२. मग कोणता व्यवसाय निवडावा?

कोणत्या धंद्यात किती सुटतं हे सगळेच विचारतात. गिऱ्हाईक तुम्हाला दिवसाच्या कोणत्या वेळी बोलावणार, हे क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते घरासाठी धंद्यात उतरणाऱ्याने आधी हेच पाहावं.

खासगी क्लास घ्या. शिकवायची आवड आहे, भांडवल थोडं, सगळं छान. पण क्लास भरतो संध्याकाळी पाच ते नऊ, म्हणजे तुमची स्वतःची मुलं घरी असतात नेमकं तेव्हा. फोटोग्राफी, मंडप, केटरिंग यांचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि पुढचे कित्येक रविवार मुहूर्तांच्या नावावर जातात. चुलतभावाच्या लग्नातही तुम्ही दुसऱ्याच कार्यालयात असता. मेसच्या डब्याचं काम पहाटे आणि संध्याकाळी, मधली दुपार मोकळी. ज्यांची मुलं दुपारच्या शाळेत आहेत त्यांना ते सोयीचं नाही, सकाळच्या शाळेत असतील तर उत्तम. द्राक्षबागांना सल्ला किंवा फवारणीची सेवा द्यायची तर दिंडोरी-निफाडकडच्या एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटण्या, मग जानेवारी ते एप्रिल काढणी. या काळात घरच्यांनी तुमची वाट पाहू नये. पावसाळ्यात मात्र त्या मानाने सैल. हिशेब आणि जीएसटीचं काम करणाऱ्यांची दर महिन्याची वीस तारीख ठरलेली.

अंबडमध्ये गाळा घेऊन जॉबवर्क (दुसऱ्या कंपनीच्या मालावर काम) करायचं तर मोठ्या कंपनीच्या लाइनचं वेळापत्रक तेच तुमचं वेळापत्रक. त्यांची लाइन रात्री अडली तर फोन तुम्हालाच. रात्रपाळी नको म्हणून नोकरी सोडली आणि व्हीएमसी मशीनच्या (धातूचे भाग कापणाऱ्या संगणकी यंत्राच्या) हप्त्यासाठी तीन पाळ्या चालवाव्या लागल्या, हे आपल्याकडे नवीन नाही. मशीन घेण्याआधी एका पाळीत हप्ता निघतो का, तेवढं पाहा. निघत नसेल तर मशीन लहान घ्या किंवा जुनं घ्या.

३. नोकरी सोडण्याआधी किती पैसे बाजूला हवेत?

घरखर्चाचे किमान सहा महिने, आणि तेही धंद्याच्या भांडवलाशिवाय वेगळे. घरखर्चात घराचा हप्ता, शाळेची फी, विमा, भिशी, गावी पाठवायचे पैसे आणि दिवाळीही धरा. धंद्यात कंपन्यांना माल किंवा सेवा द्यायची असेल तर सहाचे नऊ महिने करा, कारण पहिलं काम, पहिलं बिल आणि पहिला चेक यांत बरंच अंतर पडतं (प्रश्न १२ पाहा). घरात दुसरा पगार असेल तर आकडा कमी चालेल. पण मग त्या दुसऱ्या पगारवाल्याचा होकार तोंडदेखला नको.

४. नोकरीत असतानाच बाजूला काम सुरू केलं तर?

शहाणपणाचं आहे, पण नेमणूकपत्र काढून वाचा. बऱ्याच खासगी कंपन्यांच्या पत्रात दुसरं काम न करण्याची अट असते. लेखी परवानगी मिळाली तर प्रश्नच मिटला. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असल्याने सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार-धंदा करता येत नाही, आणि घरातल्या कोणी धंदा सुरू केला तर तो कार्यालयाला कळवावा लागतो. ‘बायकोच्या नावावर टाकतो’ ही पळवाट दिसते तितकी सरळ नाही.

बाजूच्या कामाचा खरा फायदा पैशात नसतो. त्या सहा महिन्यांत गिऱ्हाईक कोणत्या वेळी फोन करतं हे कळतं.

५. राजीनामा देण्याआधी कोणती कामं उरकून घ्यावीत?

आरोग्य विमा सगळ्यात आधी. कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि त्यात आधी काढलेल्या प्रतीक्षाकाळाची मोजदाद होते, पण अर्ज नोकरीत असतानाच करायला हवा. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागू शकतं. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या घरात ही तीन वर्षं फार लांब असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, एवढा दिलासा आहे. ज्यांना ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) लागू आहे त्यांनी तर वैयक्तिक विमा घ्यायचं टाळूच नये.

दुसरं, कर्ज. धंदेवाईकाला गृहकर्ज देताना बँका सहसा दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात. पाथर्डी फाट्याला किंवा आडगावकडे फ्लॅट बघून ठेवला असेल तर घर आधी की धंदा आधी हे नवरा-बायकोने बसून ठरवा. दोन्ही एकाच वर्षी काढू नका. नोटीस पिरियडमध्ये असताना ते लपवून कर्ज घेणं तर नकोच.

तिसरं, ग्रॅच्युइटी. सलग पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील तर थांबा. हिशेब सोपा: शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं.

६. पीएफ काढून भांडवल म्हणून वापरू का?

नका वापरू. सलग पाच वर्षं सेवा नसेल तर काढलेल्या रकमेवर कर लागतो, हा एक भाग. दुसरा असा, की धंदा बुडाला तर घेणेकरी पीएफला हात लावू शकत नाही, आणि तुम्ही स्वतःच तो बाहेर काढून धंद्यात घातलात तर ते संरक्षण गेलं. दहा वर्षं सेवा झाली असेल तर ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्कही आहे. खातं तसंच राहू द्या. भांडवल कमी पडत असेल तर धंदा लहान सुरू करा.

७. कोणकोणत्या नोंदण्या लागतात?

एकट्याच्या धंद्याला फारशा नाहीत. उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून केंद्र सरकारकडे नोंद) आधारवर, ऑनलाइन आणि पूर्ण मोफत होते. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारे एजंट गावोगाव आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. शॉप अ‍ॅक्टखाली (दुकाने व आस्थापना कायदा) स्वतः किंवा दोन-चार माणसांनिशी काम करणाऱ्याला फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती चालू खातं उघडायला उपयोगी पडते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. खाद्यपदार्थ असतील, मग तो चिवडा असो की केक, तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घरगुती पातळीवरही लागते. जीएसटीचं प्रश्न ८ मध्ये.

८. जीएसटी नंबर लगेच घ्यावा लागतो का?

फक्त वस्तू विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर, सेवा देत असाल तर २० लाखांच्या वर. इथे आपल्याकडचे बरेच जण अडकतात: दुसऱ्याच्या मालावर केलेलं जॉबवर्क ही सेवा आहे, त्यामुळे तिथे मर्यादा २० लाखांची. दुसरी खोच अशी की वस्तू राज्याबाहेर विकली तर मर्यादा पाहिली जात नाही. सुरतच्या दुकानाला चिवड्याची पाकिटं पाठवली की नोंदणी घ्या. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना यातून सूट आहे, आणि सेवा राज्याबाहेर दिली तर २० लाखांपर्यंत अडचण नाही.

मात्र गिऱ्हाईक मोठ्या कंपन्या असतील तर त्या बिनजीएसटीचं बिल घ्यायला कुरकुरतात. तेव्हा मर्यादेआधीच स्वतःहून घेतलेला बरा.

९. हिशेब आणि इन्कम टॅक्स किती किचकट असतो? त्यातच रविवार जातात म्हणे.

अनुमानित उत्पन्नाची पद्धत (खर्चाचा हिशेब न मांडता जमेचा ठरावीक टक्का उत्पन्न धरणं) घेतली तर जात नाहीत. इंजिनिअर, वास्तुविशारद, डॉक्टर, वकील, इंटिरिअरवाले, तांत्रिक सल्लागार अशा व्यावसायिकांची वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख), तर निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, संपलं. इतर धंद्यांना दोन कोटींपर्यंत, आणि रोख तितकीच कमी असेल तर तीन कोटींपर्यंत, उलाढालीच्या आठ टक्के. बँकेतून आलेल्या पैशावर सहा टक्के.

उदाहरणार्थ, गंगापूर रोडवर घरून काम करणाऱ्या एखाद्या डिझाइन इंजिनिअरची वर्षाची जमा २० लाख, सगळी खात्यात. उत्पन्न १० लाख धरलं. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, त्यामुळे कंपन्यांनी कापलेला दहा टक्के टीडीएस परत येतो. तो परत येईपर्यंत पैसा अडकलेला असतो, हे महिन्याच्या नियोजनात धरा. कर लागत असेल तर या पद्धतीत अग्रिम कर चार हप्त्यांऐवजी एकदाच, १५ मार्चपर्यंत.

एक सापळा सांगून ठेवतो. पगारदाराला जुनी-नवी करपद्धत दर वर्षी बदलता येते, धंदेवाईकाला नाही. नव्यातून बाहेर पडलात तर परत एकदाच येता येतं, नंतर दार बंद.

१०. कर्ज आणि अनुदान कुठून मिळेल?

सातपूरला आयटीआय सिग्नलजवळच्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे, तिथून सुरुवात करा. केंद्राचा पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, सेवेसाठी २० लाख) आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्हींची माहिती मिळते. पीएमईजीपीमध्ये शहरात सर्वसाधारण गटाला १५ टक्के आणि ग्रामीण भागात महिला व इतर विशेष गटांना ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. ते हातात मिळत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. अनुदानाच्या पैशात सोफा आणायचा बेत असेल तर सोडा. शिवाय दोन्ही योजना नव्या उद्योगाला आहेत, त्यामुळे आधी धंदा सुरू करून मग अर्ज करू नका.

लहान रकमेला केंद्राची मुद्रा कर्ज योजना बरी: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर पाच लाख, तरुण दहा लाख, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. तारण लागत नाही.

११. घरूनच काम केलं तर चालेल का? सिडकोतलं घर आहे.

लॅपटॉप, शिवणकाम, शिकवणी, फराळ, सगळं चालतं. विजेच्या दराची भीती अनेकांना असते. घराच्याच एका भागात काम करणाऱ्यांना महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत घरगुती दर लावण्याची तरतूद महावितरणच्या दर आदेशांत आहे. तळमजल्यावर लेथ बसवायचा विचार मात्र काढून टाका, शेजाऱ्यांशी वैर परवडत नाही. गाळा भाड्याने घ्या.

१२. काम केलं, बिल दिलं, पैसेच येत नाहीत. घरखर्च कसा चालवायचा?

घरातली निम्मी भांडणं यातूनच होतात, म्हणून सविस्तर सांगतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल कंपनीने करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असतं. हे २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार समाधान पोर्टलवर करता येते. इन्कम टॅक्समध्येही तरतूद आली आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. मार्चअखेर ही आठवण करून देणारा नम्र ईमेल तक्रारीपेक्षा लवकर काम करतो, असा अनुभव आहे.

दोन मर्यादा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही. आणि उद्यम क्रमांक बिलावर छापलेला हवा. नोंदणी काम दिल्यानंतरची असेल तर त्या जुन्या बिलावर भांडता येत नाही.

घरापुरता उपाय वेगळा आहे. धंद्याच्या खात्यातून दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम घरच्या खात्यात टाका, ‘पगार’ म्हणूनच. महिना चांगला गेला तरी तेवढीच.

१३. मिसेसना धंद्यात घेतलं तर दोघांना एकत्र वेळ मिळेल ना?

एकत्र तास मिळतात, पण जेवणाच्या ताटावरही पार्टीचं पेमेंटच निघतं. घ्यायचं असेल तर काम स्पष्ट वाटून घ्या आणि त्यांचा शब्द कुठे अंतिम हे ठरवा. फुकटची मदतनीस म्हणून नको.

कराचं म्हणाल तर पत्नीला दिलेला पगार तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो. त्यांच्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्याच जोरावर असेल तरच सुटका. अनुमानित पद्धतीत (प्रश्न ९) तर हा पगार वेगळा वजाच होत नाही.

१४. घरून काम करतो म्हणून सगळे मलाच कामं सांगतात. ‘तू घरीच तर असतोस’ याला उत्तर काय?

उत्तर नाही, दार आहे. दहा ते एक दार बंद ठेवा. मावशींना स्टेशनवरून आणणं, गॅसवाल्याची वाट पाहणं, पुतण्याचा फॉर्म भरणं ही कामं एक वाजल्यानंतर. आईला वाईट वाटेल, आठवडाभराने सवय होते. वहिनी किंवा सूनबाई घरून काम करत असतील तर हेच दार त्यांनाही मिळालं पाहिजे, आणि तिथे घरातल्या पुरुषांनी बोललं तरच ते मिळतं.

१५. धंदा करणाऱ्या मुलाचं लग्न जमतं का? स्थळं ‘परमनंट’ विचारतात.

जमतं. तीन वर्षांची विवरणपत्रं मुलीकडच्यांना दाखवायची तयारी ठेवा. मोठ्या गाडीपेक्षा ती जास्त बोलतात.

१६. बाळंतपणात काय?

पगारदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. स्वतःचा व्यवसाय असलेल्या स्त्रीला तसं काही नाही. नोकरी सोडायचा विचार आणि बाळाचा विचार एकाच वर्षी असेल तर रजा घेऊन मगच निर्णय घ्या, असंच मी सांगतो. आधीच धंद्यात असाल तर सहा महिन्यांचं उत्पन्न वेगळं साठवा आणि त्याच कामातली एखादी मैत्रीण गाठून गिऱ्हाइकं सांभाळायची अदलाबदल लेखी ठरवा. प्रसूतीचं संरक्षण देणाऱ्या आरोग्य पॉलिसींनाही प्रतीक्षाकाळ असतो, त्या आधीच घ्याव्या लागतात.

१७. सिंहस्थ येतोय. आत्ताच नोकरी सोडून काहीतरी सुरू करू का?

ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. खोल्या, खानावळ, वाहतूक, पूजेचं साहित्य यांची मागणी वाढणार यात शंका नाही. पण हा बारा वर्षांनी येणारा हंगाम आहे, त्याच्यावर बारा वर्षांचं घर चालत नाही. पर्वणीच्या दिवसांत गाड्या शहराबाहेर थांबवतात, रस्ते अडवतात. पंचवटीत दुकान असलं तरी गर्दी कोणत्या वाटेने वळवली जाईल ते बंदोबस्तावर ठरतं. त्यात ऐन पावसाळा. हंगामासाठी भाऊबंद मिळून काही करा, रजा टाका. ज्या धंद्याला २०२८ मध्येही गिऱ्हाईक असेल त्याच्यासाठीच राजीनामा द्या.

१८. जुन्या कंपनीच्याच क्षेत्रात काम सुरू करता येईल? राजीनाम्यात ‘दोन वर्षं स्पर्धा करणार नाही’ असं लिहून घेतलंय.

नोकरी संपल्यानंतर धंद्यालाच मज्जाव करणारी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते. कंपनीची ड्रॉइंग, दरपत्रकं, ग्राहकांच्या याद्या पेनड्राइव्हवर घेऊन बाहेर पडलात तर तो वेगळा आणि गंभीर गुन्हा ठरू शकतो. डोक्यातलं कौशल्य तुमचं, कागद त्यांचे. नोटीस मिळाली तर स्वतः उत्तर लिहू नका, वकील गाठा.

१९. नाही जमलं तर परत नोकरी मिळेल का?

मिळते, विशेषतः टूलरूम, मेंटेनन्स, क्वालिटीवाल्यांना. मुलाखतीत मधली वर्षं लपवू नका. ज्याने स्वतः कोटेशन दिलंय आणि वसुली केलीय अशा माणसाची किंमत जाणणारे मॅनेजर आहेत. पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) तोच चालतो.

धंदा मात्र नीट बंद करा. जीएसटी असेल तर रद्द करण्याचा अर्ज आणि नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र, नाहीतर शून्य उलाढालीवरही विलंब शुल्क चढत राहतं. व्यवसाय कराची नोंदणी आणि शॉप अ‍ॅक्टची सूचनाही बंद करा. येणं बाकी असेल तर चालू खातं शेवटचा चेक वटेपर्यंत ठेवा.